सोळा कोरी पानं

“अहो, या कादंबरीची सोळा पानं कोरी आहेत,” बायको आतून ओरडत होती. “मधली, सलग सोळा. आणि तुम्ही ब्लॉगवर लिहिलंय, एकही पान वाया गेलेलं नाही.”

मी धावत जाऊन पुस्तक उलटसुलट करून पाहिलं; सोळाच्या सोळा कोरी. पूर्वी मी पेन्सिल घेऊन वाचायचो. एका कादंबरीला महिना लागायचा आणि आवडली नाही तर तसं लिहायचो. मग लेखक पुस्तकं घरी पाठवू लागले आणि मी पहिली वीस पानं, शेवटचं पान नि मलपृष्ठ एवढ्या भांडवलावर आठवड्याला चार परीक्षणं पाडू लागलो. सगळी गोड. आता कपाटातलं एकेक पुस्तक माझ्यावर डोळे रोखून बसलंय असं वाटायला लागलं. कुणाच्या पोटात काय कोरं असेल, देव जाणे.

वाचकांनी पकडण्याआधी आपणच कबूल करावं म्हणून लेखकाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

तो शांतपणे म्हणाला, “सगळ्याच प्रतींत आहेत ती. वर्ष झालं. बारा परीक्षणं आली, सांगणारे तुम्ही पहिलेच.”