रविवारचा ओढा

आयटीवाल्या पुण्यात काचेच्या इमारतींमध्ये भरदिवसा दिवे जळायचे, आणि त्याच पुण्याच्या वेशीवर, वाघोलीत, हिंमतराव बायकोला पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचा. दोन हजार सहा-सातचे लोडशेडिंगचे दिवस. असं किती दिवस चालायचं, म्हणून विचारलं की वीज कार्यालयातला माणूस म्हणायचा, "साहेबांना विचारा." साहेब कधी जागेवर नसायचे.

हिंमतराव वाशिमकडचा, नगर रस्त्यावरच्या कारखान्यात फिटर. जवळच्या दगडखाणींची धूळ त्याच्या बायकोच्या, शालनच्या, छातीत बसली होती. धाप लागली की औषधाची वाफ देणारं मशीन लावायचं, आणि मशीन विजेवर. इन्व्हर्टर घेऊन झाला. व्होल्टेज इतकं मरतुकडं की बॅटरी कधी भरलीच नाही.

मग त्याची नजर घरामागच्या ओढ्यावर गेली. वैशाखातही खळाळता! वाशिमकडचे ओढे शिमग्यालाच कोरडे पडतात. तिकडच्या माणसाला वैशाखात वाहतं पाणी दिसलं की तो हात जोडतो, चौकशी करत नाही. आणि करायची तरी कुणाकडे? गावच्या गेनबाकडे? प्लॉट विकताना 'लाइट चोवीस तास' असं छातीठोक सांगणारा हाच तो. त्याच्या दारात पुन्हा जाईल तो हिंमतराव कसला.

त्यानं सगळं स्वतः मोजलं. जुन्या बांधावरून पाणी दीड पुरुष खाली पडत होतं. गवंड्याची पातळी बघायची पाण्याची नळी लावून त्यानं ते पक्कं केलं. दर रविवारी पाणी पन्हाळीत वळवायचं आणि पिंप किती वेळात भरतं ते बघायचं. रविवारीच, कारण सुट्टी तेव्हाच. धार कधी कमी झाली नाही. कारखान्याच्या भंगारातल्या पत्र्याचं चाक केलं. चाकानं फिरवली की वीज देईल अशी जुनी मोटर शोधत तो बुधवार पेठेत गेला, तेव्हा दुकानदारानं चष्म्यावरून पाहत विचारलं,

"धरण बांधताय?"

"हो. उद्घाटनाला या."

एका रविवारी चाक फिरलं. त्या मोटरच्या विजेवर घरात मशीन गुरगुरलं. शालननं वाफ घेतली, डोळे मिटून बसली आणि म्हणाली, "अहो, आता मी एकटी राहीन. तुम्ही खुशाल कामावर जा."

तरी सोमवारी त्यानं रजा टाकली. सकाळीच वीज गेली. थोड्या वेळानं शालनला धाप लागली. मशीन सुरू झालं, मंदावलं, बंद पडलं. हिंमतराव मागं धावला. चाक थांबलेलं, पन्हाळ ठिबकत होती.

कुणीतरी पाणी अडवलं! त्यानं लोखंडी गज उचलला आणि ओढ्याच्या पात्रातूनच वर पळत सुटला. आज एकाला तरी आडवा करतो. ओढा संपला तो थेट खाणीच्या काठावर, एका जाड पाइपाशी. बाजूला गेनबा तंबाखू मळत बसला होता. खाणीची जमीन त्याचीच. पलीकडे जनरेटर घरघरत होता.

"पाणी कुणी अडवलं?"

"अडवतंय कोण? खाणीत साचलेलं पानी मोटर उपसून टाकती. लाइट गेली, मोटर बसली."

"पण दर रविवारी..."

"आवं, रविवारी लाइट जात न्हाय."

"मी तिथं पाणी मोजत बसायचो. दिसलो नाही तुम्हाला?"

"दिसला की. आमाला वाटलं, पाव्हणं सर्व्हे करत्यात. शिकलेल्या मान्साला काय सांगावं?"

हिंमतरावचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "गेनबा, जनरेटर आहे ना तुमच्याकडे? घटकाभर मोटर त्याच्यावर लावा. बायकोला धाप लागलीय."

"जनरेटर खडी क्रशरचा हाय. मालक पुण्यात बसतोय. म्या निस्ती जागा दिलीया."

गज हातात तसाच होता. मारायचा कुणाला?

घरी शालन गुडघ्यांवर हात रोवून बसली होती. शेजारच्या इंदुबाई रिक्षा बघायला रस्त्यावर गेल्या होत्या.

"चाक... फिरेल?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

क्रशर जनरेटरवर धडधडत होता. पांढरी धूळ आत यायला लागली, तशी त्यानं खिडकी लावली. पंखा बंद, वर पत्रा तापलेला. शालन मानेनंच नको-नको म्हणाली. त्यानं खिडकी उघडली. ती खोकली. त्यानं पुन्हा लावली, आणि कडीवर हात ठेवून रिक्षाच्या आवाजाकडे कान लावत तिथंच उभा राहिला.