आईला बर्फ पडताना बघायचा होता

आमच्या ओळखीतल्या सगळ्यांचे आईवडील इथे एप्रिल-मेमध्ये येतात. तेव्हा ट्युलिप फुललेले असतात, ऊन असतं, आणि तिकडे उन्हाळ्याने जीव नकोसा झालेला असतो. ट्युलिपच्या वाफ्यासमोर उभं करून काढलेला आईवडिलांचा फोटो ॲमस्टरडॅमजवळच्या आमच्या आल्मेरे गावातल्या बहुतेक मराठी घरांत सापडेल. बाग तीच, हसूही साधारण तेच, फक्त आईवडील वेगळे. माझ्या आईने मात्र डिसेंबर मागून घेतला. मी फोनवर परोपरीने सांगितलं की अगं, तेव्हा इथे साडेचारला अंधार पडतो, दिवसभर भुरभुर पाऊस असतो, वारा असा की छत्री उलटी होते. बघण्यासारखं काही नसतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला बर्फ पडताना बघायचाय. एकदा बघितला की झालं."

आई साताऱ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. तिच्या हाताखालून निम्मा गाव गेला. फळ्यावर खडूने ढग काढून त्यातून पांढरे ठिपके पाडत तिने हिमवर्षाव शिकवला तो निवृत्त होईपर्यंत. एकदा एका मुलीने विचारलं होतं की बाई, तुम्ही स्वतः बघितलाय का? आईने खरं ते सांगितलं. घरी येऊन मात्र बाबांना ऐकवलं. बाबा म्हणाले, पुढच्या मे महिन्यात काश्मीर. मग ते दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणत राहिले. कधी माझं कॉलेज आलं, कधी आजीचं आजारपण, कधी फ्लॅटचा हप्ता. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि काश्मीर राहिलं ते राहिलंच.

आम्ही नव्याने इथे आलो त्या हिवाळ्यात एकदा बऱ्यापैकी बर्फ पडला होता. मी हौसेने रस्त्याचा फोटो पाठवला होता. आईने तो मोठा करून घेतला आणि टीव्हीच्या शेजारी लावला. तेव्हापासून तिच्या लेखी माझ्या दारात दर हिवाळ्यात बर्फ पडत होता. खरं तर पश्चिम युरोपचा हिवाळा समुद्रामुळे सौम्य असतो, हे तिनेच आमच्याकडून वर्गात पाठ करून घेतलेलं. मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, पुस्तकात सरासरी असते, आणि मला सरासरी बघायची नाहीये. आता बोला.

विमानतळावर ती व्हीलचेअरवरून बाहेर आली तेव्हा तिचे पाय सुजले होते आणि गुडघ्यांनी संप पुकारला होता. घरी पोचल्यावर गरम पाण्यात पाय सोडून बसली आणि तिने जाहीर करून टाकलं, "हे पहिलं आणि शेवटचं. बर्फ बघितला की माझं इथलं काम संपलं. पुढे तुम्हीच येत जा." मी हसून सोडून दिलं. प्रवासाने दमलेलं माणूस बोलतंच असं.

व्हिसा तीन महिन्यांचा होता. पहिला महिना पावसात गेला. सकाळी उठून पडदा बाजूला करायचा, आकाश बघायचं आणि मग चहा टाकायचा, असा तिचा क्रम ठरून गेला. माझ्या मोबाइलमधलं पावसाचं ॲप तिने दोन दिवसांत माझ्यापेक्षा चांगलं आत्मसात केलं. तापमान शून्याजवळ सरकलं की तिचा चेहरा उजळायचा, आणि समुद्राकडून वारा सुटला की "मेला नैर्ऋत्येचा" म्हणून ती त्याचा उद्धार करायची. खिडकीवर काही टपटपलं की ती लगबगीने उठायची. माझी नऊ वर्षांची मुलगी सोफ्यावरून मान न उचलता सांगायची, "आजी, इट्स जस्ट रेन." मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर ती आपल्या मर्जीच्या भाषेत देते.

आमच्या घरामागे छोटी बाग आहे आणि बागेपलीकडे कालवा. शेजारी एक सत्तरीचे डच गृहस्थ एकटेच राहतात. त्यांना बर्फ नको असतो, त्यांना थंडी हवी असते. सलग कडक थंडी पडली की कालवा गोठतो आणि त्यावर स्केटिंग करता येतं. नोव्हेंबर लागला की ते आपले जुने स्केट्स काढून पात्यांना धार लावतात आणि मागच्या दाराशी खिळ्याला टांगतात. आमच्या डोळ्यांदेखत ते स्केट्स वर्षानुवर्षं नुसते टांगलेलेच आहेत. वसंतात ते मुकाट्याने काढून आत नेतात. माझ्या नातवंडांना अजून खऱ्या बर्फावर घसरता येत नाही, असं ते मला एकदा म्हणाले होते. त्यात केवढी तरी नामुष्की असावी असा त्यांचा सूर होता.

आईचं आणि त्यांचं कसं काय जमलं देव जाणे. तिला डच येत नाही, त्यांना मराठी येत नाही. पण सकाळी ते कालव्याकडे बघायला बाहेर यायचे आणि ही आकाश बघायला दारात उभी असायची. ते कुंपणावरून मान हलवायचे, नाही म्हणून. हीसुद्धा मान हलवायची. मग दोघं आपापल्या घरात चहा-कॉफीला जायची. संक्रांतीला आईने त्यांना तिळाची वडी दिली आणि मला भाषांतर करायला लावलं की गोड बोला, निदान हवामानाबद्दल तरी. त्यांनी दुसऱ्या दिवशी वाटाण्याचं सूप आणून दिलं, आमच्यासाठी मुद्दाम मांस न घालता केलेलं. आईने ते चाखलं, चांगलं आहे म्हणाली आणि वरून लसणाची फोडणी दिली.

माझ्या नवऱ्याला तिची तगमग बघवेना. त्याने स्वित्झर्लंडची तिकिटं शोधली. आई म्हणाली, मी लेकीच्या घरी आलेय, तिच्या खिडकीतून बघेन, नाहीतर राहिलं. मग आम्ही तिला छपराखालच्या स्कीइंगच्या हॉलमध्ये घेऊन गेलो. तिथे बारमाही बर्फ असतो. तिने कठड्यापाशी उभं राहून पाच मिनिटं बघितलं. बर्फ होता, माणसं घसरत होती, मुलं किंचाळत होती. आई म्हणाली, "हा पडत कुठेय? हा तर ठेवलाय." आणि आम्ही कँटीनमध्ये जाऊन बटाट्याचे काप खाल्ले.

जानेवारी संपत आला तशी मला एक गोष्ट जाणवायला लागली. आईला बर्फ दिसावा असं मला अगदी मनापासून वाटत होतं, ते कुठेतरी थांबलं होतं.

त्याला कारण दाराची घंटा. इतकी वर्षं मी संध्याकाळी ॲमस्टरडॅमहून ट्रेनने यायचे, स्टेशनवरून सायकल मारत पावसात घरी पोचायचे आणि खिशातल्या किल्लीने दार उघडायचे. आता किल्ली असूनही मी घंटा वाजवायला लागले होते. दार उघडायचं, आतून फोडणीचा वास यायचा, आणि आई "भिजलीस किती" म्हणत माझ्या हातातली पिशवी घ्यायची. कधीकधी तर मी कोपऱ्यावर आले की सायकलवरून उतरून चालत यायचे, घंटा वाजवण्याआधीची ती वाट तेवढीच जरा लांबवायला. माझी चाळिशी उलटली आहे, ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं आहेत. तरी मला रोज संध्याकाळी कुणीतरी भिजलीस म्हणायला हवं होतं, आणि ते फक्त आईनेच म्हणायला हवं होतं.

आईने कायमचं इथे राहायचं तर सरकारी नियमांत ते बसत नाही. आणि तिलाही ते नको होतं. तिचा फ्लॅट, तिच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मैत्रिणी, तिचा साताऱ्याचा कोरडा वारा तिला हवा होता. पण दर हिवाळ्यात तीन महिने यायला काय हरकत होती? हरकत एकच. बर्फ बघितला की काम संपलं, असं ती म्हणाली होती, आणि आई एकदा म्हणाली की म्हणाली. बर्फ पडला नाही तर मात्र तिला पुन्हा यावं लागणार होतं.

फेब्रुवारीत ॲपने पहिल्यांदा बर्फाचं चिन्ह दाखवलं. आईची नुसती गडबड उडाली. तिने स्वेटर उन्हात घालावा तसा खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर घालून ठेवला. शेजाऱ्यांनी कुंपणावरून अंगठा वर केला. त्या सकाळी मी आंघोळ करून देवघरापाशी गेले, देवघर म्हणजे पुस्तकांच्या कपाटातला एक कप्पा, आणि बाळकृष्ण उचलून पाण्याने भरलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवला. आमच्याकडे मनातलं व्हावं म्हणून देव पाण्यात ठेवतात. ऐकलं नाही तर बाहेर काढायचा नाही. माझी आजी पावसासाठी ठेवायची. मी कधी ठेवेन असं मला वाटलं नव्हतं. वर झाकणही लावलं.

आईला डबा दिसला तो दुपारी, मटार सोलून ठेवायला काहीतरी शोधताना. मी तेव्हा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून काम करत होते. तिने झाकण उघडलं आणि आत बघितलं. तिचा या गोष्टींवर विश्वास नाही. उपास ती डॉक्टरने सांगितला तरच करते.

"बर्फासाठी?" तिने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. पण मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "नाही. पडू नये म्हणून. पडला की तू पुन्हा येणार नाहीस."

आईने बाळकृष्ण बाहेर काढला, पदराने पुसला आणि जागेवर नेऊन ठेवला. शेजारचे ते कालवा गोठावा म्हणून बसलेत, मी बर्फ पडावा म्हणून, तू पडू नये म्हणून, देवाने करायचं काय, एवढंच ती म्हणाली. मग त्याच डब्यातलं पाणी ओतून तिने त्यात मटार सोलायला घेतले. पुन्हा येण्याचा विषय तिथेच राहिला. त्या दिवशी बर्फ आलाच नाही, नुसता पाऊस झाला.

तिच्या परतीच्या आदल्या आठवड्यातला शनिवार. मी चहासाठी खाली आले, दिवा लावला आणि खिडकीबाहेर बघितलं. पाऊस पडत होता, पण जरा हळू. मग लक्षात आलं की आवाज येत नाहीये. मी दाराची काच पुसली. मोठाले, विरळ, पांढरे पुंजके खाली येत होते.

मी वर गेले. जिना चढताना थांबेल, थांबेल असं वाटत होतं, आणि थांबू नये असंही वाटत होतं. आईच्या खोलीचं दार लोटलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "आई, ऊठ. पडतोय."

गुडघ्यांची तक्रार त्या दिवशी कुठे गेली कोण जाणे. नवऱ्याच्या मोठ्या सपाता पायांत अडकवून, शाल गुंडाळून ती बागेत गेली आणि फरशीच्या मधोमध उभी राहिली. तिने हात पुढे केला. तळहातावर पडलेला लगेच विरघळला. शालीवर पडलेला मात्र लोकरीच्या तंतूंवर टिकला. तो तिने डोळ्यांजवळ नेऊन बघितला, चष्मा काढून बघितला. शेजारी ड्रेसिंग गाउनवर बाहेर आले, त्यांनी वर बोट दाखवलं आणि दोघंही लहान पोरांसारखी हसायला लागली. वरच्या खिडकीतून मुलगी डचमध्ये ओरडली, आणि ते मात्र आईला भाषांतराशिवाय कळलं. आईचे डोळे वाहत होते. "यांना दाखवायला हवा होता गं," ती म्हणाली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मलाही बाबा हवे होते.

जेमतेम पाव तास झाला असेल. मग पुंजके बारीक झाले, मग त्यांत पाणी आलं आणि मग सरळ पाऊस. फरशी सगळा वेळ काळी आणि ओलीच होती. शेजारी कालव्याकडे एकदा बघून आत गेले. मी आईला आत आणलं, खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि तिच्या मागे उभी राहून टॉवेलने तिचे केस पुसायला लागले. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, ते बरंच होतं. म्हटलं, "झालं ना आई. बघितलास."

ती काचेतून बाहेर बघत होती.

"कुठे बघितला?"

"अगं, आत्ता."

"साचला का जमिनीवर? साचला नाही. हा धरायचा नाही."

म्हटलं, तू पडताना म्हणाली होतीस, साचायचं काही बोलली नव्हतीस.

"भूगोल कोणी शिकवला? तू की मी?" ती म्हणाली. मग चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि मागे न बघता विचारलं, "पुढच्या डिसेंबरचा व्हिसा हवा असेल तर अर्ज कधी करावा लागतो?"

मी तिचे केस पुसत राहिले.