शेंडा मोडलेले शंख

१७ नोव्हेंबर १९६६. भाईच्या खोलीतलं कपाट रिकामं करायला घेतलं. भाई माझा थोरला भाऊ. मालवणात शाळेत विज्ञान शिकवायचा, म्हणून अख्ख्या किनाऱ्याचा मास्तर. त्याला जाऊन तेव्हा महिना झाला होता. कपाट पुतण्याला हवं होतं, दुसऱ्या दिवशी सुतार न्यायला येणार होता. आत कपडे नाहीत, भांडी नाहीत, नुसते शंख. पुसून पुसून हात भरून आले.

हे पोरं वाळूत वेचतात ते शंख नव्हेत. मोरीसाठी, म्हणजे शार्क माशासाठी, तांडेल होडीतून खोल पाण्यात गळ सोडतात, त्याच्या आमिषाला चिकटून कधीतरी एखादी गोगलगाय वर येते. उजेड न पाहिलेला तिचा शंख पांढराफटक, पातळ. भाई भिंगाखाली वेढे मोजायचा, कंगोरे बघायचा, तोंडाची खाच बघायचा आणि जात ठरवायचा. एक जात मात्र त्याला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. तिचं नीट वर्णन करावं, तिला नाव द्यावं, एवढी एकच हौस त्याने आयुष्यात बाळगली. ती अडली शेंड्यापाशी. शंख शेंड्यापासून वाढत जातो, त्या जिवाचं बाळपण शेंड्यातच राहतं. तो पाहिल्याशिवाय भाई वर्णन पुरं मानायचा नाही. आणि त्या जातीचा हाती आलेला प्रत्येक शंख बिनशेंड्याचा...

कारण साधं. आमच्याकडे शेंडा ठेचून आतलं मांस काढतात. बाबल तांडेल शंख आणायचा तो असाच ठेचून, धुऊन, पंच्याने पुसून. "मास्तरांनू, वास येव नये म्हणान साफ करून हाडलंय."

"बरा केलंस रे बाबल," भाई म्हणायचा.

बाबल गेला की मी चिडायची. "अरे, सांग मरे तेका, शेंडो मोडू नको म्हणान!"

"दरखेपेक सांगतंय गो. पण घाण वस्तू मास्तराच्या हातात देवक तेचो जीव होणा नाय."

मुंबईच्या एका जाणकाराने कळवलं, आहे तेवढ्यावर नाव देऊन टाका, नाहीतर दुसरा कोणी देईल. भाई ऐकेना. "नाक बघल्याशिवाय बारसा करू?" मी म्हटलं, "नकटीच्या लग्नाक सतराशे विघ्ना!" खोकला लागेपर्यंत हसला... आणि बारसं न करताच गेला.

कपाट रिकामं करत होते त्याच संध्याकाळी बाबल आला. हातात केळीच्या पानाचं पुडकं. वासाने मी मागे सरकले.

"साफ करूक नाय," तो खाली बघत म्हणाला. "मास्तर नाय... आता कोणाक वास येतलो?"

"मग हाडलंस कित्याक?"

"तेंच्या खोलयेत ठेवक."

पान उलगडलं. कपाटातल्या त्या बिननावाच्या जातीच्या मोडक्या शंखांशेजारी ठेवून भिंगातून पाहिलं. तेच वेढे, तेच कंगोरे. टोकाला मोहरीएवढा गुळगुळीत शेंडा, अख्खा. बाबलला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराला परत धाडलं. शंख कापसात गुंडाळून चहाच्या डब्यात घातला, भाईने लिहिलेलं अर्धं वर्णन सोबत ठेवलं, वर मुंबईच्या त्या जाणकाराचा पत्ता घातला आणि पोस्टात गेले. कारकुनाने डबा उचलला नि नाक मुरडलं.

"बाई, वास कसला येतोय?"

"शंखाचा," मी म्हटलं. "शिक्का हळू मारा. शेंडा मोडेल."