टाकी लावलेला दात

आमची धोंडुबाई धरमतरकडची धवलारीण. लग्नात भटाच्या आधी हिचा मान. हळदीच्या मांडवात ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायची, एकेका देवाला नाव घेऊन बोलवायची. मी तिची जाऊ, दर वेळी जवळ बसलेली. मिठागरावरनं वारा आला की मला खरंच वाटायचं, बांधावरनं कुणीतरी चालत येतंय.

शहाण्णव साली तिचा पुढचा दात पडला आणि ‘देव’ म्हणताना नुसती फुंकर निघायला लागली. नातीचं, पूजाचं, लग्न चार महिन्यांवर आलेलं. नाव धड निघालं नाय तर देव मांडवात यायचा नाय, ह्याच धसक्यानं बाईचं जेवण सुटलं.

पेणचा दातांचा डॉक्टर हर्षद आमच्याच गावचा. त्यानं तिच्या हाडात धातूचा स्क्रू बसवला. वर दात नंतर, लग्नाच्या आधी, बसणार होता. म्हणाला, गुळगुळीत स्क्रूला हाड सावकाश धरतं, हा मुद्दाम खडबडीत केलाय, ह्याला रक्त चिकटून राहतं आणि हाड लवकर धरतं. हिला काय कळेना. तेव्हा तो हसून म्हणाला, “आत्ये, पाटा गुळगुळीत झाला की त्याला छिन्नीनं टाकी लावतात ना, तशी लावलीय त्याला.”

झालं! बाई खूश. दुपारभर खाडीकाठच्या खाजणाकडं बघत बसायची. अर्धवट झोपेत मला सांगायची, हाड येतंय गो, भरतीचं पाणी चिखलात मुरतं तसं गुपचूप येतंय. मलाही ते ऐकता ऐकता डुलकी लागायची.

पण टाकी लावलेल्या पाट्यावर पहिल्यांदा तांदूळ वाटून टाकून द्यायचे, नायतर कच जेवणात येते, ही आमची रीत. हिनं मूठभर तांदूळ त्याच स्क्रूखाली भरडले नि थुंकून दिले. आम्ही बायका शेजारीच होतो. अडवतोय कोण? आम्हालाही ते बरोबरच वाटलं, अक्कल गहाण ठेवलेली आमची!

स्क्रू हलायला लागला. हर्षदनं तो काढला. पहिले काही आठवडे हाड कोवळं असतं, तेव्हा स्क्रू जरा हलला तरी धरत नाय, म्हणाला. आता जखम भरेस्तोवर दुसरा बसवता येणार नव्हता, म्हणजे लग्नाआधी दात नायच. “शब्द माझा चुकला, आत्ये,” एवढं बोलून तो मान खाली घालून बसला. मला त्याचा राग आला, आणि दयाही आली.

हळदीच्या संध्याकाळी धोंडुबाईनं पहिल्या देवाचं नाव घेतलं. फुंकर निघाली. तिनं पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. माझा जीव तुटत होता.

तेवढ्यात हळदीनं माखलेल्या पूजानं ते नाव घेतलं, अगदी स्वच्छ. मग दुसरं, मग तिसरं. नवरीनं स्वतःचाच धवला गावा, असं आमच्यात कधी झालं नव्हतं. पण कुणी अडवलं नाय.

धोंडुबाईनं डोळे मिटले, माझा हात घट्ट धरला.

“आलं गो,” ती म्हणाली, “सगळं देव आलं.”