सहा कोर की चौदा

माझ्या बहिणीचा नवरा मला आवडत नाही. तिच्या लग्नानंतर बारा वर्षं हे मी कुठे बोललो नाही. माणूस वाईट नाही. पारनेरकडे त्याची कांद्याची आणि डाळिंबाची शेती आहे, व्यसन नाही, बहिणीला नीट वागवतो. पण तो आला की घर त्याचं होतं. आई त्याच्या ताटात आधी वाढते. तो मला ‘मास्तर’ म्हणतो. मी श्रीरामपुरात ज्युनिअर कॉलेजला इतिहास शिकवतो, त्यामुळे शब्द चुकीचा नाही. पण म्हणताना तो आईकडे बघून हसतो.

गेल्या वर्षी भाद्रपदात माझा धाकटा भाऊ तापाने गेला. सहा दिवसांचा ताप. तो माझ्याहून चौदा वर्षांनी लहान होता आणि घरीच बसून लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढायचा. रविवारी दुपारी जेवण झालं की तो कानाला हेडफोन लावायचा आणि तिकडे पारनेरहून दाजी. दोघे मिळून कॉम्प्युटरवर लढाईचा एक खेळ खेळायचे. माझी खोली शेजारी. मी पुस्तक उघडून बसायचो आणि भिंतीतून भावाचा आवाज यायचा, “दाजी, मागं फिरा! मागं!” त्यानंतर हसणं. माझ्याशी तो हळू आवाजात, विचारलं तेवढं बोलायचा. इतका मोठा आवाज त्याला आहे हे मला त्या भिंतीमुळे कळलं.

त्याचा लॅपटॉप जुना होता, खेळताना अडखळायचा. म्हणून त्याने नवं मशीन जोडायला घेतलं होतं. एकेक वस्तू मागवून कपाटात ठेवली होती: कॅबिनेट, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, मेमरी, डिस्क, मॉनिटर, आणि हे सगळं ज्यावर बसतं त्या मदरबोर्डचा खोका, कुरिअरच्या काळ्या पिशवीत तसाच. फक्त प्रोसेसर यायचा होता.

दहाव्याला प्रवरेच्या घाटावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर चार-पाच बसलेले, पण खाली उतरत नव्हते. अर्धा तास गेला. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. अशा वेळी जवळच्यांनी एकेक करून वचन द्यायचं असतं.

“मास्तर, तुमी बोला,” दाजी म्हणाले. “तुमी थोरले.”

मी पुढे झालो आणि म्हणालो, “आईकडे मी बघेन.” कावळे हलले नाहीत. बहीण म्हणाली, “तुझी राहिलेली कामं ज्याची त्याला पोचवू.” तरी नाही. मग दाजी चप्पल काढून पाण्याच्या कडेला गेले आणि शेतात हाक मारावी तसे ओरडले, “गड्या, तुझं मशीन मी पुरं करतो! तुला पायजे हुता त्योच प्रोसेसर टाकतो! आता ये, खा!”

कावळा उतरला. एक, मग दोन. आई मोठ्याने रडली. लोकांनी दाजींच्या पाठीवर हात ठेवला. मी बाजूला ओल्या धोतरात उभा होतो. मी या गोष्टी मानत नाही. मानत नसतानाही त्या पक्ष्याचा मला राग आला आणि तो आजही गेलेला नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, “त्याला कोणता हवा होता ते तुम्हाला ठाऊक आहे?”

“म्हंजे काय? सहा कोरचा. खेळायला त्योच.”

“त्याने दोन निवडले होते. ठरवलं नव्हतं.”

“तुमाला बोलला न्हाई म्हनून ठरवलं न्हाई व्हय?”

भावाची एक लांब वही होती. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे एक प्रोसेसर, उजवीकडे दुसरा. लोकांनी मोजून इंटरनेटवर टाकलेलं तो वाचायचा, व्हिडिओ पाहायचा आणि बारीक अक्षरात उतरवायचा. दाजी पारनेरला परतल्यावर मी ती वही वाचायला घेतली. महिनाभर वाचली. मला यातलं काही येत नव्हतं, पण कागद वाचायला येतो.

मला समजलं ते असं. डावीकडचा सहा कोरचा. कोर म्हणजे आतला काम करणारा गडी, असे सहा. पण त्यांच्या अगदी हाताशी मोठी साठवण आहे. खेळात तीच तीच माहिती क्षणाक्षणाला लागते, ती दूरच्या मेमरीतून आणावी लागत नाही, म्हणून चित्र अडखळत नाही. शिवाय तो कमी तापतो आणि वीज कमी खातो. भावाने तिथे ‘इन्व्हर्टर’ असं लिहून खाली रेघ मारली होती. उजवीकडचा चौदा कोरचा. त्यातले सहा दमदार आणि आठ किरकोळ कामाला. खेळात तो थोडा मागे पडतो. पण बंगल्याचं रंगीत चित्र तयार होत असताना शेजारी वीस पानं उघडी असावीत, फाईल जात असावी, प्रिंट निघत असावी, अशा रोजच्या रगाड्यात तो पुढे. तापतो मात्र फार.

वहीत काही ओळींपुढे बरोबरची खूण होती. मी मोजल्या. उजवीकडे जास्त होत्या.

मी पारनेरला फोन लावला. “त्याला चौदाचा हवा होता. त्याच्याच हातच्या खुणा आहेत.”

“ते आठ किरकोळ काय कामाचे, मास्तर? लग्नात निस्ते जेवायला आलेले पाव्हने.”

“तो कामाचा विचार करत होता. नकाशांचा.”

“त्यो दिसभर नकाशे काडून कटाळायचा. रईवारची वाट बगायचा. तुमाला शेजारच्या खोलीत बसून कळलं न्हाई?”

मी फोन ठेवला. या एका वाक्यामुळे मी आठवडाभर झोपलो नाही. त्याच्या प्रत्युत्तरादाखल मी वहीतल्या सगळ्या खुणांची सुवाच्य यादी केली आणि बहिणीच्या मोबाईलवर पाठवली. उत्तर आलं ते दाजींच्या आवाजात, मागे पाण्याच्या मोटारीची घरघर: “परीक्षेचा पेपर हाय का ह्यो?”

दिवाळीला आम्ही भांडलो नाही, कारण त्या वर्षी दिवाळी नव्हती. संक्रांतीला बहीण आणि दाजी आले. दाजींनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि तोंड गोड होण्याआधी म्हणाले, “कावळा सहाच्या नावावर शिवला, ध्यानात ठिवा.” मी म्हणालो, “कावळ्याला कोर मोजता येत नाहीत.” आई आतून म्हणाली, “तुमी दोघं त्याला सुखानं जाऊ द्याल का?” त्यावर आम्ही दोघांनी तिळगूळ तोंडात टाकला, पण एकमेकांकडे बघत.

मधल्या काळात ते सगळे खोके आईने भावाच्या फोटोखाली मांडून ठेवले होते. सणावाराला त्यांना हळदकुंकू लागायचं. तिने सांगून ठेवलं होतं, वर्ष होईपर्यंत कुणी फोडायचं नाही. आम्हाला दोघांनाही ते सोयीचं होतं. फोडायचं म्हणजे तो नाही हे हातांनी कबूल करायचं. कुरिअरच्या पिशवीवर त्याचं नाव, पत्ता आणि फोन नंबर छापलेली पट्टी होती. फुलं बदलताना मी ती भिंतीकडे वळवून ठेवली, म्हणजे ते नाव दिसू नये.

चैत्रात मी नगरला गेलो आणि चौदा कोरचा प्रोसेसर घेऊन आलो. कुणाला सांगितलं नाही. घरी आल्यावर त्याचं आवरण फाडलं, चिप पाहिली आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवली. वचन दाजींचं होतं. ते माझ्या हातून पुरं व्हावं आणि सगळ्यांसमोर व्हावं, एवढीच माझी इच्छा होती. भावाचं सुख त्यात किती होतं ते मला आज सांगता येणार नाही.

वर्षश्राद्धाला दाजी सकाळीच आले. जेवणं झाली, पानं उचलली. आईने फोटोला नमस्कार केला आणि म्हणाली, “काढा आता.” दाजींनी मशीन जोडण्याचे व्हिडिओ पाहून ठेवले होते, स्क्रू-ड्रायव्हर आणला होता. प्रोसेसर बाकीचं जोडून झालं की दुसऱ्या दिवशी नगरहून आणणार होते. ते खोका उघडायला बसले तेव्हा मी आत गेलो आणि माझ्या प्रोसेसरची डबी आणून सतरंजीवर त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी डबी वाचली. बहिणीने माझ्याकडे पाहिलं.

“कवा आनला?”

“चैत्रात.”

“वचन कुनी दिलतं?”

“तुम्ही दिलं होतं. वर्ष झालं. पूर्ण मी केलं.”

दाजींनी काळी पिशवी कात्रीने कापली, मदरबोर्ड बाहेर काढला, मधली पत्र्याची झडप उघडली. मी माझी चिप पुढे केली. त्यांनी ती घेतली, खाली नेली आणि तशीच वर धरली.

“मास्तर, हिकडं बगा.”

मी वाकलो. बोर्डावरची जागा चौकोनी होती. माझी चिप लांबट होती. आडवी, उभी, कशीही धरली तरी ती तिथे बसणार नव्हती. दाजींनी खोका उलटा केला. त्यावर कोणत्या जातीचा प्रोसेसर चालतो ते छापलेलं होतं, चांगल्या ठळक अक्षरात. सहा कोरवाला त्या जातीचा. चौदावाला दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या बैठकीचा.

मदरबोर्ड कुठलाही चालतो असं मी धरून चाललो होतो. दाजीही तसंच धरून चालले होते. त्यांना खेळता येत होतं, जोडायचं ते नुकतेच व्हिडिओ पाहून शिकले होते. भावाचा निर्णय वर्षभर त्या पिशवीत, हळदकुंकवाखाली पडून होता आणि आम्ही तो वहीत आणि कावळ्यात शोधत होतो.

मी पिशवी उचलली आणि ती पट्टी पहिल्यांदा पुरी वाचली. नाव, नंबर, तारीख. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने घातलेल्या तारखेनंतर नऊ दिवसांची. वर्गात मी मुलांना शंभरदा सांगितलं असेल की कागद वाचण्याआधी त्याची तारीख पाहा. त्या खुणांचा अर्थही मला तेव्हाच लागला. त्या फक्त ‘तपासून पाहिलं’ एवढ्यासाठी होत्या. उजवीकडचं त्याला कमी माहीत होतं, म्हणून तिथे जास्त तपासलं होतं.

“कावळा बिनअभ्यासाचा पास झाला की,” दाजी म्हणाले.

“अहो, पुरे,” बहीण म्हणाली.

“मी बदलून आणतो,” मी म्हणालो.

“फोडल्याला कोन घील माघारी? आन् तुमी आनायचाच न्हाई. ऱ्हाऊ द्या तुमच्या पुस्तकात. खूण म्हनून घाला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जाऊन सहा कोरचा घेऊन आले. चौकोनात चौकोन बसला. दुपारी तीनच्या सुमारास मशीन सुरू झालं. पंख्याचा आवाज अगदी कमी होता. आईने मशीनला कुंकू लावलं आणि ती आत जाऊन पडली. मग दाजी भावाच्या खुर्चीत बसले, त्याचेच हेडफोन लावले आणि खेळ उघडला. वर्षभरात ते खेळले नव्हते, असं बहीण म्हणाली. मला ते ठाऊक नव्हतं आणि ठाऊक व्हावं अशी इच्छाही नव्हती.

मी माझ्या खोलीत जाऊन पुस्तक उघडलं. भिंतीतून कळफलकाची टकटक येत होती. थोड्या वेळाने दाजींचा आवाज आला. ते अनोळखी लोकांबरोबर खेळत होते, मोडक्या हिंदीत काही सांगत होते, आणि पलीकडचं कुणी ऐकत नसावं. मी उठून भावाच्या खोलीच्या दाराशी गेलो. दार अर्धं उघडं होतं. पडद्यावर एक पडकं गाव होतं, चित्र कुठेही अडखळत नव्हतं. त्यात दाजींचा शिपाई एका भिंतीआडून पुढे बघत होता. त्याच्या मागून, डाव्या कोपऱ्यातून, एक माणूस बंदूक घेऊन येत होता. मला तो स्पष्ट दिसला. दाजींना दिसला नाही.

काय ओरडायचं असतं ते मला पाठ होतं. इतकी वर्षं ते मी दर रविवारी भिंतीतून ऐकलं होतं. शब्द जिभेवर आलेही.

मी बोललो नाही. पडदा लाल झाला. दाजींनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि मागे न वळता तसेच बसून राहिले. मला बरं वाटलं. मग मी माझ्या खोलीत परत आलो आणि दार लावून घेतलं.