पिल्लांचं पाणी

आई वारली त्या वैशाखात मी बावीस वर्षांचा होतो. पिंपरीच्या नव्या कारखान्यात नुकताच लागलो होतो आणि स्वतःला फार कर्ता समजत होतो. माझं कर्तेपण किती, ते परड्यातल्या खुडूक कोंबडीनं दाखवलं.

आईनं तिला अकरा अंड्यांवर बसवलं होतं. आई गेल्यावर पाचव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. भेटायला येणारे ओसरीवर बसून माझ्याकडे बघत राहायचे, आता रडेल, मग रडेल म्हणून. मला रडू येत नव्हतं. मी तंबाखूची डबी पुढं सरकवायचो आणि यंदा आकुर्डीत ऊन जरा जास्तच आहे, असं काहीतरी बोलायचो. ही पिल्लं जगवायची, एवढंच डोक्यात होतं. आईच्या हातचं अर्धं राहिलेलं काम ते एकच.

सुतकात विहिरीला शिवायचं नाही, ही आमच्या आळीची रीत. आत्या दिल्या घरची, तिला सुतक नव्हतं. पाणी ती आणायची. त्यातलं मी परातीत ओतलं. अगदी काठोकाठ, कंजुषी नको! आणि मोठं काम केल्यासारखा आत जाऊन पडलो. उठून आलो तर दोन पिल्लं पाण्यावर तरंगत होती आणि कोंबडी परातीभोवती फेऱ्या घालत होती.

"आरं शहाण्या, पानी प्यायला दिलंस का पव्हायला?" आत्या म्हणाली. मग माझं तोंड बघून आवाज उतरवला. "परातीत खडं टाकायचं असत्यात, लेका. वैनी टाकायची. पिल्लं खड्यांवर हुबी ऱ्हात्यात न् मधलं पानी पित्यात."

बावीस वर्षं त्या परड्यात वावरलो होतो. खडे कधी दिसले नव्हते.

पिल्लं पुरली. तेव्हाही काही वाटलं नाही, फक्त माती फार कडक लागली. मग ओढ्यातून खडे आणले आणि घागर घेऊन एकेक धुवायला बसलो. चिखल निघून गेला, तरी धूतच होतो.

"बास की आता. कोंबड्यांस्नी हायेत ते, देव्हाऱ्यात मांडायचं न्हाईत."

"हां," म्हणालो आणि पुढचा घेतला.

घागर संपली. सात पिल्लं चिवचिवत होती, परातीत लख्ख खडे होते आणि पाण्याचा थेंब नव्हता. आत्यानं कपाळावर हात मारला, पदर डोक्यावर ओढला आणि घागर उचलून भर उन्हात पुन्हा विहिरीकडे निघाली.