उघड्या गाडीत डिटेक्टरची जागा

गेल्या जूनमध्ये मला दुसरं स्पीडिंग तिकीट मिळालं, तेव्हा पोलिसांच्या रडारची आगाऊ सूचना देणारा रडार डिटेक्टर माझ्या डोळ्यांसमोर डॅशबोर्डवर चालू होता आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हता. पोलिसाची गाडी पुलाच्या सावलीत उभी होती. पोलीस सभ्य होता, मला मॅम मॅम करत होता, पण तिकीट द्यायचं ते त्याने दिलंच. तो गेल्यावर मी त्या डबड्याला मराठीत ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही. शेजारी बसलेला नवरा हसत होता, त्यामुळे माझं डोकं आणखीच फिरलं.

आमच्या राज्यात वर्षभरात तीन तिकिटं झाली की लायसन्स सस्पेंड होतं. माझी दोन झाली होती. नवऱ्याचं ड्रायव्हिंग तर केव्हाच बंद झालेलं. त्याच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला होता, बघायला जावं तिथेच डाग, कडेकडेचं तेवढं दिसायचं. नेपरव्हिलमध्ये आम्ही राहतो तिथून दूध आणायलासुद्धा गाडी लागते. म्हणजे माझं लायसन्स गेलं की आम्ही दोघं घरात बंद, आणि दूर फ्रीमाँटला राहणारी लेक त्याच दिवसाची वाट बघत बसलेली. तिच्या टाउनहाउसमधली खालची खोली आमच्यासाठी कधीची तयार आहे. "आई, जस्ट सेल द हाउस अँड कम," हे तिचं दर रविवारचं पालुपद. पोरगी मायेने बोलते, कळतं मला. पण या वयात सुटकेस होऊन कुणाच्या खोलीत पडायचं नव्हतं, मग ती खोली पोटच्या पोरीची का असेना.

तर तो डिटेक्टर. माझी अर्धी नोकरी अँटेनांवर काम करण्यात गेली, आणि तरी मी काय करून ठेवलं होतं ते ऐका. ही छप्पर उघडणारी कन्व्हर्टिबल घेतली त्या दिवशी आम्ही तिची रीतसर पूजा केली होती. चाकांखाली लिंबं, बॉनेटला हळदकुंकू, ड्राइव्हवेवर नारळ. नारळाचा आवाज ऐकून समोरची बाई सगळं ठीक आहे ना ते विचारून गेली. त्याच मुहूर्तावर डॅशबोर्डच्या बरोबर मध्यावर पितळेचा गणपती चिकटवला. पुढे डिटेक्टर आणला तेव्हा ती जागा देवाची होती, म्हणून मी तो गणपतीच्या अलीकडे, आमच्या बाजूला ठेवला. म्हणजे समोरून रडार येणार, वाटेत वीतभर पितळ, आणि त्याच्या आडोशाला माझं यंत्र सुखाने झोपलेलं. धातूतून रडार जात नाही हे मी नव्या पोरांना शिकवायचे. गॅरेजमध्ये हे लक्षात आलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"बाप्पाला जरा बाजूला सरकव की," नवरा म्हणाला.

"बाप्पा हलणार नाही. पूजा करून बसवलाय."

"मग डिटेक्टर हलव."

"तेच करतेय. तू गप्प बस."

आम्ही इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो, त्यामुळे अहो-जाहो आमच्यात कधी शिरलंच नाही.

साध्या गाडीत हा प्रश्न दहा मिनिटांचा आहे. उघड्या गाडीत मी तीन दिवस घालवले. काचेवर वर लावावा तर तिथे रंगीत पट्टी, आणि तिच्याही वर छप्पर अडकवायच्या कड्या. खाली लावावा तर वायपर आड येतात. छप्पर मागे घडी झालं की मागून येणारं रडार निम्मं अडतं. आणि कुठेही लावला तरी भर उन्हात त्याचा लाल दिवा मला दिसत नाही, हायवेवर वाऱ्यात त्याचा आवाज ऐकू येत नाही. महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांनी फुकटचा सल्ला दिला, "वहिनी, छप्पर लावून चालवा ना." छप्पर लावायचं होतं तर ही गाडी कशाला घेतली असती? नवऱ्याचे डोळे बिघडले तेव्हाच घेतली ती. डीलरकडे तो उघड्या गाडीत बसला, मान फिरवली आणि म्हणाला, "हे बरंय. इथे चारी बाजूंनी कडाच कडा आहेत." मी तिथल्या तिथे सही केली होती.

त्या कडांवरूनच मला युक्ती सुचली. मला दिवा दिसत नाही ना, मग त्याने बघायचा. माझ्यावर ऊन असतं, रस्ता असतो, आरसे असतात. त्याला काही काम नसतं. त्याच्या नजरेच्या कडेला बरोबर येईल अशी जागा शोधायची, तिथे डिटेक्टर लावायचा, दिवा लागला की त्याने नुसतं "हळू" म्हणायचं. त्यालाही कल्पना आवडली. निदान तसं म्हणाला तरी.

शनिवारी सकाळी ड्राइव्हवेवर छप्पर उघडलं, त्याला त्याच्या सीटवर बसवलं, डिटेक्टर टेस्टवर टाकला. टेस्टवर असला की त्याचा लाल दिवा उघडझाप करत राहतो. मी काचेवर एकेक जागा धरत गेले आणि विचारत गेले. आरशाशेजारी?

"दिसतोय."

खाली, वायपरच्या वर?

"दिसतोय."

त्याच्या उजव्या हाताला, अगदी कोपऱ्यात?

"दिसतोय की."

चार जागा झाल्या, पाच झाल्या. सगळीकडे एकच उत्तर, तेही एकाच सुरात. माझं आयुष्य मापं घेण्यात गेलंय. सगळीकडे सारखंच रीडिंग यायला लागलं की मीटर बिघडलाय हे मला कुणी सांगावं लागत नाही. मी डिटेक्टर बंद केला, पाठीमागे लपवला आणि रिकामा हात काचेवर धरून विचारलं, "आणि आता?"

"दिसतोय," नवरा म्हणाला. "हीच जागा चांगली आहे. इथेच लाव."

मला आधी राग आला. भीती नंतर आली, आणि मी बॉनेटवर टेकले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून. डावा गेलाच. उजव्याला उजेड कळतो, एवढंच."

डॉक्टरकडे मीच घेऊन जायचे. तपासायला हा आत एकटा जायचा आणि बाहेर येऊन म्हणायचा, "तसंच आहे." मी दर वेळी देवाचे आभार मानून गाडी काढायचे.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू छप्पर लावलं असतंस," तो म्हणाला. "मग म्हणाली असतीस, आता याला दाखवायचं काय, कुठे न्यायचं कशाला. मग लेकीला फोन लावला असतास."

हे खोटं नव्हतं. ड्राइव्हवेवर, समोरच्या बाईच्या देखत, मी खूप रडले. तो गाडीतूनच हात पुढे करून माझा हात शोधत होता. मी तो उशिरा दिला, कारण राग अजून गेला नव्हता.

दुपारी मी डिटेक्टर आरशाच्या डावीकडे, रंगीत पट्टीच्या खाली लावला. थोड्या उन्हात मला तिथे दिवा दिसतो, भर उन्हात नाही. तेवढ्या भरवशावर आता लायसन्स टांगून ठेवायचं नव्हतं. पाटीवर पंचावन्न लिहिलं असेल तर पंचावन्न, असं मी ठरवलं. तिसरं तिकीट मी घेणार नाही म्हणजे नाही. पहिल्या आठवड्यात मागून ट्रकवाले हॉर्न मारून गेले, एक पोरगी हातवारे करून गेली. एकालाही मी भीक घातली नाही.

जुलैच्या मध्यावर आम्ही पश्चिमेला शेतांच्या रस्त्याने चाललो होतो, छप्पर उघडं.

"काय आहे दोन्ही बाजूंना?" त्याने विचारलं. इतके महिने त्याने हे कधी विचारलं नव्हतं. विचारणार कसा?

"मका."

"किती वर आलाय?"

"असेल तुझ्या खांद्याएवढा," मी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले.

"बघून सांगतेयस, की आपलं उगाच?"

मी गाडी कडेला घेतली, दिवे लुकलुकते ठेवले, त्याला हाताला धरून उतरवलं आणि गवतातून पहिल्या ओळीपाशी नेऊन उभं केलं. त्याने दोन्ही हातांनी एक ताट बुंध्यापासून चाचपत वर नेलं. शेंड्याशी त्याचे हात थांबले ते छातीपाशी.

"चुकलीस," तो म्हणाला. "चांगली वीतभर चुकलीस."

आम्ही गाडीत बसलो आणि पुढच्या शेतापासून मी नीट बघून सांगायला लागले.